पावसाळ्यात कुजबुजीचे थर रचताना

गणेशोत्सवाच्या नव्या गाण्यांचे काम कोकणात ऐन आषाढ-श्रावणात येते आणि अलीकडे त्यांतील अनेकांना अंतऱ्यात मुख्य गायकाच्या आवाजाखाली कुजबुजीचे थर हवे असतात. मालवणसारख्या ठिकाणी, कौलांवर पाऊस कोसळत असताना आणि मागे समुद्राची गाज चालू असताना, हे काम ढोलकीच्या ध्वनिमुद्रणापेक्षाही अवघड जाते.

याचे कारण कुजबुजीच्या घडणीतच आहे. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. घशातील अरुंद फटीतून घासत बाहेर पडणाऱ्या हवेला जीभ आणि ओठ केवळ आकार देतात. तिला मूळ स्वर नसल्यामुळे गाणे काळी चारच्या पट्टीत असो वा पांढरी दोनच्या, हा थर बेसूर होत नाही आणि साधारण २०० हर्ट्झच्या खालचा भाग हाय-पास फिल्टरने (ठरावीक कंप्रतेखालचा आवाज गाळणाऱ्या साधनाने) निर्धास्तपणे काढता येतो. गाजेचा बराचसा घुमारा त्यातच जातो. पावसाचे मात्र तसे नाही. पाऊस आणि कुजबूज या दोन्ही मुळात विस्कळीत खरखरच असल्यामुळे नॉइज रिडक्शनचे सॉफ्टवेअर पावसाबरोबर शब्दही खरवडून काढते. त्यावर पुढे मोठ्या-लहान आवाजांतील अंतर कमी करणारा कॉम्प्रेसर लावला की उरलेला पाऊसही वर येतो. म्हणून मी उघडीप मिळेपर्यंत थांबतो आणि माइक तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका ठेवतो, म्हणजे फुंकर थेट त्यावर बसत नाही. गायकाला घाई असली तरी या बाबतीत मी तडजोड करत नाही.

थर वाढवण्यासाठी एकाच टेकची (एका वेळच्या ध्वनिमुद्रणाची) नक्कल करून काही साधत नाही. आवाज ६ डेसिबलने मोठा होतो, रुंद होत नाही. नक्कल काही मिलिसेकंदांनी सरकवून डावी-उजवीकडे ठेवली तर हेडफोनवर छान वाटते, पण मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र झाल्यावर, काही कंप्रता एकमेकींना खोडतात आणि आवाज पोकळ होतो. त्यामुळे प्रत्येक थर वेगळा बोलून घ्यावा लागतो.

मग खरा प्रश्न व्यंजनांचा येतो. चार थरांतील ‘त’, ‘क’, ‘च’ मागेपुढे पडले की शब्दाऐवजी टिकटिक ऐकू येते. सर्व थर सॉफ्टवेअरने तंतोतंत जुळवण्याची पद्धत आहे, परंतु तसे केल्याने चार माणसांचा भास नाहीसा होतो, असे माझे मत आहे. मी मधला एकच थर पूर्ण ठेवतो आणि बाजूच्या थरांतील व्यंजनांचे आरंभ हाताने दाबतो; हे कंटाळवाणे काम आहे, पण परिणाम त्यातूनच येतो. ‘स’सारख्या वर्णांचा सीत्कार दाबणारा डी-एसर, बहुधा ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, रिव्हर्बच्या (घुमण्याच्या परिणामाच्या) आधी लावावा, अन्यथा प्रत्येक ‘स’ मागे शेपटी सोडत जातो.

गीतकारांनाही एक विनंती करावीशी वाटते. कुजबुजीत ‘ग’ आणि ‘क’, ‘द’ आणि ‘त’ यांतील फरक जवळजवळ पुसला जातो, त्यामुळे एकट्या कुजबुजीवर नवी ओळ सोपवू नये. गायक जे गात आहे तेच शब्द तिला द्यावेत.

थरांची अंतिम पातळी मी स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर (मॉनिटरवर) ठरवत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज नाहीसा होतो आणि कुजबूज एकदम पुढे येते. तेथे ती गायकाच्या मागे जाईपर्यंत तिचा फेडर (आवाजाची पातळी ठरवणारी सरकपट्टी) खाली आणावा.