याओवारातच्या हॉटेलातील तसबीर

बँकॉकच्या याओवारात या चिनी वस्तीच्या भागातील ज्या हॉटेलात आई आणि मी पाच रात्री राहिलो, तिथल्या आमच्या पलंगाच्या समोरच्या भिंतीवर एका चिनी कुटुंबाची तसबीर होती. मधोमध गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली आजी, तिच्या एका बाजूला सूट घातलेला पुरुष, दुसऱ्या बाजूला उंच गळ्याच्या चिनी झग्यातील त्याची बायको, आणि पुढे तीन मुले. मागे स्टुडिओतला रंगवलेला जिना. या सहलीविषयी मला जे सांगायचे आहे, ते जवळजवळ सगळे या तसबिरीपाशीच घडले.

2023 च्या मे महिन्यात आम्ही गिरगावातले आईचे बिऱ्हाड रिकामे केले. इमारत पुनर्विकासाला गेली, देव दादाकडे गेले, आणि ऑक्टोबरात नवरात्र आले तेव्हा शहात्तर वर्षांच्या आईला आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या घरी घट बसवायचे नव्हते. ती काही बोलत नव्हती, पण दिवसातून चार वेळा पंचांग उघडत होती. म्हणून मी तिला घेऊन बाहेर पडले.

हॉटेल मी निवडले ते त्याच्या जुनेपणासाठी. 1930 च्या दशकातील शांघायचा थाट तिथे उभा केला होता: लाल कंदील, कोरीव लाकडी पलंग, झगे घातलेल्या बायकांची कॅलेंडरे, कर्ण्याचा ग्रामोफोन आणि टेबल म्हणून वापरलेले शिवणयंत्र. खोलीतल्या टेलिफोनला तबकडी होती, पण ती फिरत नव्हती. भोकांच्या जागी बटणे बसवली होती. मला याचे वाईट वाटले. रात्रीला सुमारे सात हजार रुपये मोजून मी ज्या गोष्टीसाठी आले होते, ती हाताने फिरवता येत नव्हती. त्याहून मोठी तक्रार खिडकीची. खोलीला ‘अंगणाकडे उघडणारी खिडकी’ असल्याचे आगाऊ सांगितले होते. प्रत्यक्षात ती आतल्या सज्जाकडे उघडत होती आणि खालच्या दिवाणखान्यातले वाद्यवृंदाचे सूर रात्री अकरापर्यंत थेट उशाशी येत होते. बाहेर दिवस आहे की रात्र हे कळायला घड्याळ पाहावे लागे. वयस्क माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी बाहेरच्या खिडकीची खात्री करून घ्यावी. मी ती केली नाही, आणि आईने पाचही दिवस त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, हे मला आजही लागून राहिले आहे.

मात्र दाराबाहेर पाऊल टाकले की खरे जुने गाव सुरू होत होते. 1782 मध्ये राजा पहिला राम याने बँकॉकला राजधानी वसवली, तेव्हा राजवाड्यासाठी निवडलेल्या जागेवरच्या चिनी वस्तीला उठून नदीकाठाने खाली सांपेंगला यावे लागले. पुढे पाचव्या रामाच्या काळात त्याच वस्तीतून याओवारातचा वळणदार रस्ता काढला गेला. आज सांपेंगच्या बोळात दोन माणसे शेजारी चालू शकत नाहीत, आणि त्यातूनही हातगाड्या जातात. मुख्य रस्त्यावर लाल दर्शनी भागांची सोन्याची दुकाने एकाला एक लागून उभी आहेत. तिथे सोन्याचे वजन ‘बात’ या मापात सांगतात. दागिन्यांचा एक बात पंधरा ग्रॅमहून थोडा अधिक भरतो आणि सोने साडेशहाण्णव टक्के शुद्ध असते. आपला तोळा त्याहून लहान, हे कळल्यावर आईने तीन दुकानांसमोर उभे राहून मनातल्या मनात हिशेब केला.

माझी मोठी काळजी तिच्या जेवणाची होती. नऊ दिवस ती एकभुक्त असते आणि कांदा-लसूण शिवत नाही. या मासळीच्या आणि डुकराच्या मांसाच्या बाजारात ती काय खाणार, या विचाराने मी पिशवीभर राजगिऱ्याचे लाडू आणि खाकरे नेले होते. पण आम्ही पोचलो तेव्हा सगळा रस्ता पिवळ्या पताकांनी भरलेला होता. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस तिथे ‘जे’ पाळतात: मांस नाही, अंडे नाही, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. चांद्रमास दोन्हीकडचे असल्यामुळे अनेक वर्षी हा सण आपल्या नवरात्रातच येतो, आणि त्या वर्षी तो घटस्थापनेच्याच दिवशी सुरू झाला होता. पताकेवरचे लाल थाई अक्षर आपल्याला इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे दिसते. आई ते ओळखायला शिकली आणि स्वतःच गाडीपाशी जाऊन बोट दाखवू लागली. पांढऱ्या कपड्यातील एका बाईने तिला तळलेले टोफू आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची चटणी कागदात बांधून दिली व पैसे घेताना दोन्ही हात जोडले. आईनेही जोडले. हॉटेलच्या न्याहारीत मात्र तिच्यासाठी फळांखेरीज काही नव्हते.

राजवाडा, वाट फो (‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर) आणि जुनी राजधानी अयुथ्या यांत दोन दिवस गेले. ऊन फार होते. तिसऱ्या दिवशी जवळच वाट त्राइमितमध्ये साडेपाच टनांची सोन्याची बुद्धमूर्ती पाहिली. पूर्वी कधीतरी तिच्यावर चुन्याचा गिलावा चढवला गेला होता आणि आत सोने आहे याचा सर्वांना विसर पडला होता. 1955 मध्ये ती हलवताना दोर तुटला, मूर्ती पडली आणि गिलावा फुटून सोने दिसले. त्या गिलाव्याचे काही तुकडेही लोकांना पाहायला जपून ठेवले होते. आई म्हणाली, “बघ, यांनी चुनासुद्धा टाकला नाही.”

मला त्या क्षणी काही उत्तर देता आले नाही.

पहिल्याच रात्री दिवा मालवण्यापूर्वी तिने तसबिरीकडे पाहत विचारले होते, “ही कोण माणसं?” मी सकाळी खाली जाऊन चौकशी केली. काउंटरवरची मुलगी फार सौजन्याने वागली. तिने सांगितले की सजावटीसाठी अशा जुन्या तसबिरी बाजारातून एकगठ्ठा आणल्या आहेत, प्रत्येक खोलीत एक आहे, त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. हवी असल्यास ती काढून तिथे निसर्गचित्र लावण्याची तयारीही तिने दाखवली. आईला हे सांगितले, तर ती म्हणाली, “नको. पुन्हा कुठल्या तरी तिसऱ्या खोलीत टांगतील. इथं निदान मी बघतेय.”

चौथ्या दिवशी मी तसबिरीचे छायाचित्र फोनवर घेऊन मागच्या बोळातल्या चहावाल्या म्हाताऱ्या गृहस्थांना दाखवले. त्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांची नात मध्ये बसून सांगत होती. पुठ्ठ्यावर उमटवलेली अक्षरे स्टुडिओच्या नावाची होती, पत्ता चारोएन क्रुंग रस्त्याचा, आणि कोपऱ्यात पांढऱ्या शाईने लिहिलेला आकडा 2499. थायलंडमध्ये बौद्ध संवत चालतो. त्यातून 543 वजा केले की 1956 येते. कुटुंबाचे नाव कुठेच नव्हते. त्या गृहस्थांनी फोन बराच वेळ हातात धरून ठेवला आणि मग मान हलवली.

संध्याकाळी मी आईला हे सांगितले. ती उठून तसबिरीच्या अगदी जवळ गेली आणि कडेच्या दोन वेण्या घातलेल्या मुलीवर बोट ठेवून म्हणाली, “म्हणजे ही नऊ वर्षांची असेल. माझ्याच वयाची.” मग मागे न वळता तिने विचारले, “आपल्या तसबिरी तू कुणाला दिल्यास?”

मे महिन्यापासून ती हे विचारेल म्हणून मी वाट पाहत होते. आजोबांची, काकूंची, वडिलांच्या मुंजीतली, माळ्यावरच्या अकरा तसबिरी; माझ्या घरात जागा नव्हती, दादा काचा फुटतील म्हणून नको म्हणाला होता. मी सांगितले, “भंगारवाल्याला.”

“वजनावर?”

“हो.”

ती पलंगावर बसली. खाली वाद्यवृंद सुरू झाला होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मुंजीतली तेवढी ठेवायची होतीस.” त्यापलीकडे त्या विषयावर ती बोलली नाही.

निघायच्या आदल्या रात्री तिने रस्त्यावरून मोगऱ्याचा गजरा घेतला. तिथे देवासाठी असे गजरे ठिकठिकाणी ओवून विकतात. खोलीत आल्यावर मला वाटले की ती तो तसबिरीला घालणार, म्हणून मी खुर्ची पुढे केली. तिने मला थांबवले. “हार नको घालूस,” ती म्हणाली. “पोरं असतील अजून.” आणि तो गजरा तिने तसबिरीखालच्या शिवणयंत्रावर, काचेच्या बशीत, पाणी शिंपडून ठेवला.

सकाळी किल्ली परत देताना मी काउंटरवरच्या मुलीला विनंती केली की खोली झाडायला येणाऱ्यांनी ती बशी फुले सुकेपर्यंत हलवू नये. तिने खोलीचा क्रमांक कागदावर लिहून घेतला.