सिनेमाची वही: ‘उदारमतवादी’ ठरवायच्या दोन नव्या कसोट्या

मागच्या नोंदीनंतर वहीतला ‘विषय’ हा रकाना काढून टाकला. त्याच्या जागी दोन नवे आखलेत: ‘विरोधकाला त्याची बाजू दिली का’ आणि ‘शेवटचा निर्णय कोणाचा’. ज्यांना ही वही नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विदर्भात आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी वाचनालयाच्या खोलीत चादर बांधून आम्ही काही जण सिनेमे बघतो. राजकीयदृष्ट्या उदारमतवादी, म्हणजे व्यक्तीचं स्वातंत्र्य, कायद्याचं राज्य आणि विरोधी मताला जागा मानणारा सिनेमा कोणता, यावर वाद घालतो आणि जे ठरतं ते लिहून ठेवतो. पेरणीच्या दिवसांत खंड पडतो, पण पोळ्यानंतर पुन्हा जमतो.

विषय पाहून ठरवणं का सोडलं, ते आधी. जातीवर, बाईच्या हक्कावर, कर्जबाजारी शेतकऱ्यावर सिनेमा काढला की तो आपोआप उदारमतवादी, असं धरलं तर फार विचित्र यादी तयार होते. गावचा पाटील राक्षसासारखा दाखवायचा, मग एक धडाकेबाज पोलीस अधिकारी आणायचा आणि त्यानं कायदा गुंडाळून गोळी घालायची. विषय अन्यायाचाच आहे, सहानुभूती गरिबाचीच आहे, पण न चौकशी, न सुनावणी. सगळं एका माणसाच्या मर्जीवर. असा सिनेमा गरिबाची कितीही बाजू घेवो, माझ्या मते तो उदारमतवादाच्या बरोब्बर विरुद्ध टोकाला आहे.

पहिल्या कसोटीवर सगळ्यात पक्का उतरला तो चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014). नागपूरचे वीरा साथीदार त्यात लोकशाहीर नारायण कांबळे झाले आहेत, म्हणून आमच्याकडे तो आपला सिनेमा म्हणूनच बघतात. शाहिराच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. सरकारी वकील बाई रटाळ आवाजात कलमं वाचत शाहिराला अडकवत राहतात. प्रेक्षकाला त्यांची चीड यावी एवढं सगळं तयार असताना कॅमेरा त्यांच्यामागून लोकल गाडीत चढतो. बाई शेजारणीशी साडीबद्दल बोलतात, पोराला पाळणाघरातून घेतात, घरी येऊन स्वयंपाकाला लागतात. सुट्टीच्या दिवशी परप्रांतीयांना हाकला म्हणणारं नाटक कुटुंबासोबत बघतात आणि हसतात. दिग्दर्शकाला त्यांचं पटत नाही हे उघड आहे, तरी त्या कुठून आल्या आणि असं का वागतात, ते आपल्याला कळतं. वहीत मी लिहिलं: विरोधकाला पूर्ण बाजू मिळाली.

‘एक रुका हुआ फैसला’ (1986) याच रकान्यात लगेच बसला. सिडनी ल्युमेटच्या 1957 च्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’वरून बेतलेला. खुनाचा आरोप असलेल्या एका पोराचा निकाल बारा पंच बंद खोलीत ठरवत असतात. पोरगा निर्दोष आहे असं कोणीही सिद्ध करत नाही, फक्त शंका कायम राहते, आणि तेवढ्यावर माणूस सोडायचा हे तत्त्व जिंकतं. यावर आमच्यात वाद झालाच नाही.

खरा वाद पेटला जॉन फोर्डच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (1940) वरून. हा सिनेमा मला फार आवडला आणि त्यावर जास्त लिहिणार आहे. ओक्लाहोमातली कुळं दुष्काळानं आणि जमीनमालक कंपन्यांनी हुसकावलेली. एका शेतकऱ्याचं घर ट्रॅक्टरखाली भुईसपाट होतं आणि ट्रॅक्टर चालवणारा निघतो शेजाऱ्याचाच पोरगा, रोजाचे तीन डॉलर मिळतात म्हणून आलेला. बंदूक घेतलेला शेतकरी विचारतो, मग गोळी घालायची कोणाला? कंपनीमागे बँक, बँकेमागे आणखी कोणी. हे दृश्य मी थांबवून मराठीत सांगितलं, तेव्हा खोलीत सगळे गप्प होते.

पुढे ‘जोड’ आडनावाचं असंच हुसकावलेलं कुटुंब कॅलिफोर्नियात भटकत एका सरकारी छावणीत पोचतं. संडास, आंघोळीला पाणी, स्वच्छ जागा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळापासून लिबरल (उदारमतवादी) म्हणजे सरकारनं अडल्या माणसाच्या मदतीला यावं असं मानणारा, आणि ही छावणी त्या विचाराचं चित्रच आहे. पण आमच्याकडे समोरच बसले होते एक काकाजी, शर्टाला अजूनही शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावणारे. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणत त्यांनी आंदोलनं केली. एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच घ्यायच्या काळात आपलाच कापूस खाजगी व्यापाऱ्याला विकायची मनाई होती, ते त्यांनी सोसलंय. संघटना उभारणाऱ्या शरद जोशींच्या तालमीतल्या माणसाला स्वातंत्र्य म्हणजे सरकारनं शेतकऱ्याच्या मानगुटीवरून उतरणं. सरकारी छावणीला ते उदारमतवादी कसे म्हणतील?

काकाजींनी उत्तर दिलं ते मी जसंच्या तसं उतरवून घेतलं: ‘सरकारनं बांधली, थे ठीक. पण आतमंदी चालते कोणाची, थे पाय.’

आणि सिनेमात नेमकं तेच दाखवलंय. छावणीचे नियम तिथं राहणारे लोक आपली समिती निवडून ठरवतात. वॉरंटशिवाय पोलिसाला आत येता येत नाही. शनिवारच्या नाचात भांडण लावून त्या निमित्तानं आत शिरायचा बाहेरच्यांचा डाव असतो. समितीच्या माणसांना तो आधीच कळतो आणि भांडखोरांना ते न मारता, आवाज न करता बाजूला घेतात. दुसरा रकाना, ‘शेवटचा निर्णय कोणाचा’, याच संध्याकाळी जन्मला. त्यात रूझवेल्टवालेही बसतात आणि लाल बिल्लेवालेही.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांनी लक्षात घ्यावी. स्टाईनबेकच्या 1939 च्या कादंबरीत छावणी मधेच येऊन जाते आणि शेवट फार भीषण आहे. सिनेमानं क्रम फिरवून छावणी शेवटाकडे नेली. प्रसंग बहुतेक तेच, पण नुसत्या क्रमानं जहाल गोष्ट उदारमतवादी झाली. त्यामुळे आता प्रत्येक सिनेमाची शेवटची दोन-तीन दृश्यं मी वहीत वेगळी लिहितो.

या रकान्यात श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (1976) पुन्हा तपासला. गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये घालून काढलेला सिनेमा. शहरातून आलेला जनावरांचा डॉक्टर गावाला तारतो, एवढंच असतं तर मी तो खालच्या रांगेत टाकला असता. पण डॉक्टरची बदली होते, तो निघून जातो आणि दुधाची सहकारी सोसायटी गावच्या भोलाला पुढं न्यावी लागते. तारणारा जातो आणि निर्णय लोकांच्या हाती येतो. वरच्या रांगेत.

जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’ला (1982) मी डोळे झाकून पूर्ण गुण देणार होतो. नवरा खलनायक नाही, सासू दुष्ट नाही, सगळे आपापल्या जागी समजूतदार, तरीही सुलभा घर सोडते. शेवटी ती गाडीत बसलेली दिसते. एका व्यक्तीचा निर्णय कुटुंबापेक्षा मोठा, यापेक्षा स्वच्छ उदाहरण नाही. पण आमच्या गटात एक मावशी आहेत, शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या (बायकोच्या नावानं जमीन करायच्या) मोहिमेच्या काळात नवऱ्यानं त्यांच्या नावावर वावर केलेल्या. त्या म्हणाल्या, ‘बाई निघाली, बेस झालं. पण तिच्या नावानं काय होतं? माह्या नावानं सातबारा हाये, म्हणून मी घरात राहूनच बोलतो.’ मालमत्तेचा हक्क हा उदारमतवादाचा जुना खांब, आणि तो आमच्या वहीत कुठंच नव्हता. तिसरा रकाना आखायचं चाललंय, शीर्षक अजून ठरलेलं नाही.

नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’ला (2013) मात्र मी या मोजणीबाहेर ठेवलंय. राष्ट्रगीत लागतं म्हणून डुकरामागे धावणारं कुटुंब जागच्या जागी थांबतं आणि डुक्कर निसटतं. देशानं दिलेलं वचन आणि प्रत्यक्ष जगणं एकाच चौकटीत दाखवणारं इतकं धारदार दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही. पण शेवटी त्या कुटुंबातला पोरगा जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्यावर. तिथं समोरच्याची बाजू ऐकायची मागणीच नाही, आणि ती का असावी? हा सिनेमा विद्रोही आहे आणि थोर आहे. उदारमतवादी हा शिक्का म्हणजे गुणपत्रक नाही, हे नव्या मंडळींनी ध्यानात घ्यावं.

कापसाची पहिली वेचणी झाली की ‘न्यूटन’ (2017) लावणार आहोत. दंडकारण्यातलं मतदान केंद्र, यादीत 76 मतदार. आमच्या शाळेच्या एका गुरुजींनी गडचिरोलीत निवडणुकीची ड्युटी केलीय, तिथं नक्षलवाद्यांच्या भीतीनं बऱ्याच केंद्रांवर दुपारी तीनलाच मतदान संपवायचे. सिनेमाआधी त्यांनी बोलायचं कबूल केलंय. त्या दिवशी ‘शेवटचा निर्णय कोणाचा’ हा रकाना मी गुरुजींच्याच हातून भरून घेणार आहे.