कावळे कशाला मोजता?

भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर सकाळी वही काढली की कोणी ना कोणी थांबतंच. "फ्लेमिंगो मोजता ते समजलं, पण कावळे कशाला मोजता?" एरवी मी हसून वेळ मारून नेतो. पण आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. ही खोड माझी नाही, काकांची.

काका नात्याने कोणी नव्हेत. मुलुंडला आमच्या मागच्या चाळीत राहायचे. गळ्यात दुर्बीण, पट्टा तुटल्यावर तिला लावलेली पायजम्याची नाडी, आणि खिशात पेन्सिल. पावसात शाई फुटते म्हणून पेन नाही. कुठल्या संस्थेत पद नाही की भिंतीवर प्रमाणपत्र नाही. पण जानेवारीतली पाणपक्ष्यांची गणना त्यांनी चुकवलेली मला आठवत नाही.

मला पहिल्यांदा नेलं ते शिवडीच्या जेट्टीवर, भरतीची वेळ बघून. पाणी चढू लागलं की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चिखलावरून मागे सरकत काठाजवळ येतात. काकांनी रीत शिकवली: आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तो दहाचा ठोकळा डोळ्यांत धरायचा आणि थव्यावर पुढे पुढे ठेवत जायचं. शंका आली तर कमी लिहायचं, उगाच जास्त नाही. मी मन लावून मोजलं आणि शेवटी लिहिलं, "कावळे – भरपूर." काकांनी त्यावर रेघ मारली.

"भरपूर म्हणजे किती? ही काय लग्नाची पंगत आहे?"

परतताना ट्रेनमध्ये ते गिधाडांवर आले. त्यांच्या लहानपणी मलबार हिलवर गिधाडं घिरट्या घालायची, कोणी मान वर करून बघायचं नाही. मग ती दिसेनाशी झाली. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. १९९२ ते २००७ या काळात आपल्याकडची पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. गुरांसाठी या औषधावर बंदी आली २००६ मध्ये. आणि घट किती झाली, हे छातीठोकपणे सांगता आलं ते केवळ बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या लोकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गिधाडं मोजून ठेवली होती म्हणून. तेव्हा ती कावळ्यांइतकीच नेहमीची होती. "दुर्मिळ पक्षी मोजायला सगळे धावतात," काका म्हणाले आणि कुर्ल्याला चणे घ्यायला उतरले. गाडी चुकली, हे वेगळं सांगायला नको.

संक्रांतीच्या आठवड्यात मात्र ते वही घरी ठेवायचे. हातात पुठ्ठ्याचा खोका, त्याला भोकं पाडलेली, आत जुना टॉवेल. मांज्यात अडकलेली घार आधी डोळ्यांवरून झाकायची, म्हणजे शांत होते. पंखातून मांजा ओढायचा नाही, लांबून कापायचा. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. आणि खोका थेट डॉक्टरकडे. आम्ही पोरं नेमकी पाण्याची वाटी घेऊनच धावायचो, आणि काका कधी नव्हे ते ओरडायचे.

कावळ्यांचा त्यांना वेगळाच कळवळा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळा उंदरांबरोबर उपद्रवींच्या यादीत बसवलेला होता. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. काकांना ते बघायला मिळालं नाही.

दहाव्याला आम्ही बाणगंगेवर गेलो. पिंड ठेवून पाऊण तास झाला, कावळा शिवेना. एकाने हात जोडून सांगितलं, "काका, काकूंकडे आम्ही बघू." तरी नाही. दुसरा म्हणाला, "दुर्बीण जपून ठेवू." गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. तेवढ्यात कठड्यावरचा एक कावळा खाली उतरला.

तोपर्यंत खिशातली पेन्सिल माझ्या हातात आली होती. नऊ मोजले होते. पण नववा, तो शेवटी उतरलेला, मघाशी देवळाच्या कळसावर बसला होता तोच असावा असं वाटलं. आठ लिहिले.