डोळे बारीक करून बघ

आठवीत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलो तेव्हा समुद्र म्हणजे प्रशियन ब्लू आणि सूर्य म्हणजे ट्यूबमधला पिवळा, एवढंच मला ठाऊक होतं. समुद्र तर रोज दारात होता, तरी कागदावर उतरत नव्हता.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर ड्रॉइंगच्या सरांनी आम्हा पाचजणांना थांबवून घेतलं आणि पुस्तकातलं एक काळंपांढरं चित्र पुढ्यात ठेवलं. धुकट बंदर, होड्या, मागे डोलकाठ्या. "यातला सूर्य शोधा." कुणालाच सापडेना. मग त्याच चित्राचं रंगीत कात्रण त्यांनी शेजारी ठेवलं, आणि निखाऱ्यासारखा केशरी गोळा समोर आला. क्लोद मोनेचं 'इम्प्रेशन, सनराइज', १८७२ साली फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात रंगवलेलं.

तो सूर्य आभाळापेक्षा उजळ नाहीच, सर सांगत होते. दोघांचा उजेड जवळजवळ सारखा, म्हणून काळ्यापांढऱ्यात तो विरून जातो. त्याला पेटवतो तो भोवतालचा गार, निळसर करडा रंग. "डोळे बारीक करून बघ," ते म्हणाले. डोळे किलकिले केले की रंग मागे सरतात आणि नुसता उजेड-अंधार उरतो. आजही मी कुठलंही चित्र आधी तसंच बघतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आम्हाला मालवणच्या धक्क्यावर नेलं. आपल्याकडे सूर्य दर्यातून उगवत नाही, दर्यात बुडतो. पण तो सिंधुदुर्ग किल्ल्याकडे कलला आणि हवा धुरकट झाली, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की पाण्यात निळा जवळपास नाहीच. तटबंदी काळी नव्हती, जांभळट होती. त्या दिवशी कुणी ब्रश काढलाच नाही. अंधार पडेपर्यंत नुसते बघत बसलो.

१८७४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनानंतर एका टीकाकाराने मोनेच्या या चित्राला अपुरं ठरवून त्याची टर उडवली. अशा चित्रशैलीला इम्प्रेशनिझम हे नाव त्यातूनच रूढ झालं. मला ते कधीच अपुरं वाटलं नाही. धुक्यातली सकाळ जेवढं दाखवते, तेवढंच त्यात आहे.

पुढे नोकरीनिमित्त पॅरिसला गेलो आणि मार्मोतां संग्रहालयात मूळ चित्रासमोर उभा राहिलो. डोळे बारीक केले. सूर्य मंदावला. डोळे उघडले, पुन्हा पेटला. जवळ गेलो तेव्हा कात्रणात कधी न दिसलेली गोष्ट दिसली: आभाळ आणि पाणी पातळ रंगाचं, पण सूर्याखालचे केशरी फटकारे जाड, एकेका हाताचे.

सुट्टीत गावी आलो आणि थेट सरांच्या घरी गेलो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "केवढं आहे रे ते?"

"अठ्ठेचाळीस बाय त्रेसष्ट सेंटिमीटर."

सरांनी कपाटातून हाफ इम्पिरियल कागद काढून टेबलावर पसरला आणि दोन्ही कडांवर बोटं ठेवली. "एवढं?"

"थोडं मोठं."

त्यांनी बोटं कागदाबाहेर सरकवली, आणि मधल्या कोऱ्या जागेकडे डोळे बारीक करून बघत राहिले.