या वयात शिकून काय उपयोग? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, ऑफिसात, कुणाच्या घरी बारशाला, जिथं कुठं विषय निघतो की मी दुपारी उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत बायकांना लिहायला-वाचायला शिकवते, तिथं पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अहो पण या वयात शिकून काय करणार त्या? त्यापेक्षा बीपी-शुगरचं शिबिर घ्या ना, उपयोग तरी होईल." वाईट मनानं कोणी विचारत नाही, मला माहीत आहे. पण घाईघाईत दिलेलं उत्तर मलाच पुरत नाही, म्हणून आज नीट लिहून टाकते.

शिबिर आम्ही घेतोच. वस्तीत एक रिटायर्ड सिस्टर राहतात, त्या बीपी बघतात, कॉलेजातली पोरं टेबलं लावतात, आशाताई घरोघर सांगून येतात. पण शिबिरातून बाई गोळ्यांची पिशवी घेऊन घरी जाते, आणि घरी गेल्यावर ती पिशवी वाचायची कोणी?

ती पिशवी एकदा बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. किराण्याच्या दुकानातली पातळ प्लास्टिकची पिशवी, तिच्यात गोळ्यांचे चार-पाच पत्ते, म्हणजे स्ट्रिपा, अर्धे संपलेले, दोन मागच्या वर्षीचे, एकाचा कोपरा कापलेला आणि तारीख नेमकी त्याच कोपऱ्यावर होती. घड्या पडून फाटायला आलेली डॉक्टरची चिठ्ठी. औषधं ओळखायची कशी तर रंगानं, सकाळची गुलाबी आणि रात्रीची पांढरी. हे चालतं, महिनाभर छान चालतं, मग पुढच्या महिन्यात सरकारी दवाखान्यातून तेच औषध दुसऱ्या कंपनीचं मिळतं आणि ते निघतं पिवळं. आता बाईला वाटतं ही नवी गोळी वाढवली, म्हणून ती उरलेली गुलाबी आणि नवी पिवळी दोन्ही घेते, म्हणजे एकच औषध दोनदा, किंवा घाबरून दोन्ही बंद करते. दोन्ही मी पाहिलंय. पत्त्यावरचं नाव जुळवून बघता आलं असतं तर दोन्हीपैकी काहीच झालं नसतं.

म्हणून आमच्या वर्गात पहिला धडा अ आ इ नाही, पहिला धडा १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आकडे बायकांना येतात हो, ज्या बाईनं पंचवीस वर्षं भाजी विकली तिला हिशेब मी काय शिकवणार. फक्त चिठ्ठीवरचे आकडे आपल्यासाठी लिहिलेत हे कुणी तिला सांगितलेलं नसतं. एक आजी म्हणाल्या, "मी तं समजली का डागदरनं आपला हिशेब लिवून ठेवला." एकदा १-०-१ कळलं की मग पत्त्यावरची तारीख, महिना आणि वर्ष, मग औषधाच्या नावाचं पहिलं अक्षर. ते इंग्रजीत असतं, म्हणून आम्ही मराठी आणि इंग्रजी अक्षरं सोबतच घेतो. पुस्तकी क्रमानं हे चूक असेल, पण चाळीशीच्या पुढच्या बाईकडे क्रम पाळायला वेळ नाही, तिला आज रात्रीची गोळी बरोबर घ्यायची आहे.

आणि पहिल्या धड्याच्याही आधी चष्मा. हे मला फार आतून सांगायचंय. चाळीशीनंतर जवळचं दिसणं सगळ्यांचंच कमी होतं, तुम्ही-मी दुकानात जाऊन नंबर काढतो आणि विसरतो. पण ज्या बाईनं आयुष्यात कधी पुस्तक हातात धरलं नाही तिला हे कळायला मार्गच नाही. ती वर्गात येते, अक्षर धूसर दिसतं, आणि ती म्हणते "माह्या डोस्क्यातच नाही जात ताई", आणि दुसऱ्या दिवसापासून येत नाही. ती बुद्धीला दोष देते आणि दोष असतो डोळ्याचा. म्हणून आता नवीन कोणी आलं की आधी सिस्टर सुईत दोरा ओवायला देतात. दोरा ओवता आला नाही की पाटी बाजूला, आधी डोळे तपासायचे. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनची तारीख घेऊन द्यायची, नुसता जवळचा नंबर असेल तर साधा चष्मा. चष्मा लावून एका काकूंनी तांदूळ निवडताना खडे दिसले म्हणून आधी आनंद केला, अक्षरं नंतर. बरोबरच आहे.

आता सिकलसेल, आई-बापाकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. विदर्भात राहणाऱ्याला हा आजार समजावून सांगायची वेळ येऊ नये, पण येते. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, आजार जास्त असलेल्या आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात आहे, आपल्याकडे तर तपासण्या त्याच्या कितीतरी आधीपासून होत आल्यात. रक्त देतात, कार्ड मिळतं, आणि कार्ड जातं पेटीत. कार्डावर इंग्रजी अक्षरं दोनच असतात, ए आणि एस. एएस म्हणजे वाहक, स्वतःला साधारण काही त्रास नाही. एसएस म्हणजे आजार, हाडं-सांधे असे दुखतात की पोर रात्र रात्र ओरडतं, आणि पाणी कमी पडलं, थंडी बाधली, ताप आला की दुखणं उसळतं. एका अक्षराचा फरक आहे, वाचता आला तर सोयरीक ठरवताना दोन्ही घरची कार्डं समोर ठेवून बोलता येतं, नाही आला तर नाही.

यात एक गैरसमज फार खोल आहे. आई-बाप दोघंही वाहक असले तर मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, हे ऐकलं की लोक म्हणतात, चारातलं एक ना, ते पहिलं झालं, आता पुढची तीन चांगली होतील. तसं नाही. प्रत्येक बाळंतपणात तोच २५ टक्के पुन्हा नव्यानं. नुसतं बोलून हे पटत नाही, म्हणून आम्ही चिठ्ठ्या केल्या. आईच्या वाटीत दोन चिठ्ठ्या, एक ए, एक एस. बापाच्या वाटीत तशाच दोन. दोन्हीकडून एकेक उचला, आलेलं अक्षर वहीत लिहा, चिठ्ठ्या परत टाका, पुन्हा उचला. परत टाकल्यावर लागोपाठ दोनदा एसएस आलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला आणि एक ताई म्हणाली, "म्हणजे माह्या जाऊचा दोष नव्हता तं." त्या जावेला घरात वर्षानुवर्षं बोल लावून राहिले होते सगळे. मला नाही वाटत कुठल्या पोस्टरनं हे झालं असतं. चिठ्ठी स्वतः उचलली, अक्षर स्वतः वाचलं, म्हणून झालं.

कूलरचं पण सांगते, कारण कूलर म्हणजे नागपूर. मार्चमध्ये बाहेर निघतात, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, पारा ४५ च्या वर गेला की रात्रंदिवस चालतात, आणि जूनमध्ये पाऊस पडला की बटण बंद. टाकीतलं पाणी मात्र तिथंच. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्याच्या काठाला, टाकीच्या भिंतीला अंडी घालतो, आणि ती अंडी पाणी आटलं तरी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी फेकून होत नाही, आतून घासावं लागतं, आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एकदा तरी. हे महापालिकेची माणसंही सांगतात, पण अनोळखी माणसाला दुपारी दार कोण उघडतं. शेजारीण आली की उघडतं.

तर आमच्याकडे एक कूलरची वही आहे. गल्लीतल्या प्रत्येक घराचं नाव, पुढे आठवड्याचे रकाने, टाकी घासली की खूण. वही नवीन शिकलेल्या बायकाच लिहितात. लोकांना वाटतं बाई पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहायला शिकते, आमच्या वर्गात कित्येकींनी शेजारणीचं नाव आधी नीट लिहिलं, कारण वहीत ते लिहावंच लागायचं. आणि जिच्या हातात वही ती घरात गेली की कूलरपाशीच थांबत नाही, बाळाला जुलाब लागलेत दिसलं तर ओआरएसचं पाकीट काढून वाचून दाखवते की पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, ग्लासभर पाण्यात थोडं थोडं नाही, आणि केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्यायचं. सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी.

"पण हे सगळं तुम्ही किती दिवस करणार," असंही विचारतात. मी एकटी करतच नाही. मी नसले तरी वर्ग होतो, विहाराच्या हॉलची किल्ली समोरच्या आजींकडे असते, मेडिकलवाले दादा जुने रिकामे पत्ते वाचनाच्या सरावासाठी जमवून देतात, बारावीतली एक पोरगी माझ्यापेक्षा छान शिकवते. आणि हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. उमरेडच्या जाईबाई चौधरी, नागपूर स्टेशनावरून कामठीपर्यंत डोक्यावर ओझी वाहून नेणारी बाई, तिनं १९२२ मध्ये याच शहरात मुलींची शाळा काढली. १९४२ च्या जुलैत दलित महिलांची परिषद इथंच झाली, बाबासाहेबांसमोर हजारो बाया बसल्या होत्या. त्या पिढीच्या नाती-पणती आज माझ्या वर्गात आहेत. त्यातल्या कितीतरी शाळेत जाऊ शकल्या नाहीत कारण धाकटी भावंडं सांभाळायची होती. त्यांना आता "या वयात कशाला" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची साक्षरता ८८ टक्क्यांवर आहे, पण उरलेल्यांमध्ये कोण आहेत ते बघायचं असेल तर दुपारी तीनला आमच्या हॉलमध्ये या.

सरकारची नवसाक्षरांची परीक्षा असते, १५० मार्कांची, वाचन, लेखन, आकडेमोड, तिलाही आमच्या बायका बसतात आणि सर्टिफिकेट भिंतीवर लावतात. लावावंच. मला मात्र त्याहून जास्त बरं वाटतं जेव्हा एखादी दवाखान्यातून येऊन म्हणते की मी डॉक्टरला विचारलं, ही रात्रीची गोळी जेवणाआधी की नंतर, लिहून द्या.

शेवटचं, पुष्कळ जण घरातले जुने चष्मे द्यायला तयार असतात. मनापासून देतात, पण ते आणू नका, प्रत्येकाचा नंबर वेगळा असतो आणि चुकीच्या नंबरानं डोकं दुखतं. त्याऐवजी आठवड्यातली एक दुपार द्या. शेजारी बसून बोट ठेवून एक पत्ता वाचून घ्यायचा, एवढंच काम असतं, आणि सध्या आमच्याकडे शिकणाऱ्या जास्त आणि शेजारी बसणारे कमी आहेत.