आकडा सांगून गप्प बसणं

इंदूरच्या रामबागेत आमचं घर. नात्यात कुणाचंही एक्सेल अडलं की फोन मला: "जरा बघ ना." नोकरीत बारा वर्षं हिशोबच केले, त्यामुळे मी बघायचेही. मोबदला म्हणजे डबाभर चिवडा, फार तर सराफ्यात भुट्ट्याचा कीस. नोकरी सुटली तरी हे चालूच होतं.

मग मावसभावाने सियागंजातल्या एका मसाल्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे नेलं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधली यादी आणि गोदामातली यादी जुळवायला त्यांची दोन माणसं दर महिनाअखेर तीन-तीन रात्री बसायची. मला वाटलं, एक व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतला कोड दुसरीत शोधणारं एक्सेलचं सूत्र, लावला की झालं. लावला, तर निम्म्या ओळींत एन/ए, म्हणजे 'सापडलं नाही'. मालाचे कोड तर डोळ्यांना तंतोतंत सारखे. जादा मोकळ्या जागा काढणारं ट्रिम लावून बघितलं, तरी तेच. दुसऱ्या दिवशी लेन या सूत्राने अक्षरं मोजली तेव्हा कळलं, सहा अक्षरी कोड सात भरतोय. शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा चिकटली होती, संगणकाच्या अक्षर-क्रमांकांत १६० नंबरची. ट्रिमला फक्त ३२ नंबरची, म्हणजे साधी स्पेस कळते; ही त्याच्या नाकासमोरून निघून जाते. एका अक्षराच्या जागी दुसरं घालणाऱ्या सबस्टिट्यूटने ती उडवली आणि यादी खाडकन जुळली. तीन रात्रींचं काम वीस मिनिटांवर आलं.

शेठजी म्हणाले, "मॅडम, कितना हुआ?" आणि मी म्हटलं, "अरे, रहने दीजिए." खरंच म्हटलं!

बाहेर आल्यावर मावसभाऊ म्हणाला, "ताई, तो मिरची देतो का अशी फुकट?"

रात्री हिशोब मांडला. माझे चौदा तास, त्यांच्या दोन माणसांच्या दर महिन्याच्या तीन रात्री. आकडा आला ६,०००. बिल कसं करायचं हेही ठाऊक नव्हतं. जीएसटीच्या नावानेच पोटात गोळा. ओळखीच्या सीएने सांगितलं, सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. नाव, पॅन, बँकेचा खाते नंबर घालून साधं बिल कर.

दुसऱ्या दिवशी गेले. कालच्या "रहने दीजिए"नंतर पैसे मागायचे, म्हणजे लाजच. "छह हज़ार," म्हटलं. ते गप्प. "कमी-जास्त चालेल" हे जिभेच्या टोकावर आलं होतं, ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं. दुकानात हळदीचा खकाणा, पंख्याची घरघर. शेवटी ते म्हणाले, "पाँच कर लो." पाच हजारांवर सौदा ठरला.

पुढे "बस, एक कॉलम और" म्हणत त्यांनी दोन महिने फुकट राबवून घेतलं, तो भाग वेगळा. आता काय करणार ते आधी कागदावर लिहून देते आणि अर्धे पैसे आगाऊ घेते. आत्याबाईंच्या भिशीचा हिशोब मात्र अजून चिवड्यावरच.

परवा त्याच मावसभावाचा फोन, "माझ्या दुकानाचं पण जरा बघ ना." मी आकडा सांगितला. तो गप्प. मीही.