रातांब्याचे बोलिव्हियातील भाऊबंद

बोलिव्हियाच्या सांताक्रूझ भागातील आचाचैरू या फळाच्या बिया, आयात परवान्याची सारी कागदपत्रे पूर्ण झाल्यावर, अखेर आज हाती आल्या. आपल्या रातांब्याप्रमाणेच हे झाड गार्सिनिया प्रजातीतले असल्याने कोकणची दमट हवा त्याला मानवेल, अशी मला मनापासून आशा आहे. या बिया सुकवून साठवता येत नाहीत, वाळल्या की उगवणशक्तीच जाते. म्हणून ओलसर नारळाच्या भुशातून काढलेली एकेक तपकिरी बी बोटांनी चाचपून, ती टणक असल्याची खात्री करून, मी लगेच रुजत घातली. अंकुर फुटायला काही महिने आणि फळ धरायला कित्येक वर्षे लागतात, तरी ही प्रतीक्षा मला प्रिय आहे. सोटमूळ खोल जाते, म्हणून उंच पिशव्या घेतल्या आणि कोवळ्या रोपांना कडक ऊन सोसत नसल्याने त्या आंब्याच्या सावलीत मांडल्या.